उपवासाला मान, पथ्याला उपहास

श्रावणातल्या एका सोमवारी नाशिकरोडच्या जेलरोड भागात एका परिचितांकडे सत्यनारायणाची पूजा होती. आरती झाली आणि तीर्थप्रसाद वाटण्यास प्रारंभ झाला. आमच्या घरातील अकरा वर्षांची एक मुलगी, नात्याने माझ्या भाचीची कन्या, तीर्थ घेऊन पुढे झाली आणि प्रसादाच्या पातेल्यापुढे हात जोडून थांबली. "मला शिरा चालत नाही," एवढेच ती हळू आवाजात म्हणाली. प्रसाद वाटणाऱ्या आजी मायाळू होत्या. परंतु प्रसादाला नाही म्हणणारी मुलगी त्यांनी यापूर्वी पाहिली नसावी. "अगं, देवाचा प्रसाद तो. चिमूटभराने काय होतंय?" असे म्हणून त्यांनी तिच्या तळहातावर शिरा ठेवला. सभोवारच्या मंडळींचे डोळे तिच्यावर खिळले. अकरा वर्षांच्या मुलीने अशा वेळी काय करावे? तिने तो प्रसाद मुकाट्याने तोंडात टाकला. पुढचे तीन दिवस ती शाळेत जाऊ शकली नाही.

त्याच घरात, त्याच दुपारी आणखी एक गोष्ट माझ्या नजरेस आली. सोमवारचा उपवास करणाऱ्या पाचसहा स्त्रियांसाठी यजमानीणबाईंनी साबुदाण्याची खिचडी आणि भगर वेगळी शिजविली होती. तिचे पातेले वेगळे, झारा वेगळा, ताटल्या वेगळ्या. शेजारच्या जैन कुटुंबासाठी कांदालसणावाचूनची भाजी आधीच बाजूला काढून ठेवलेली होती. "एका घासाने काय होतंय?" असे त्या स्त्रियांना किंवा त्या कुटुंबाला कोणीही म्हटले नाही. तसे म्हणणे असभ्यपणाचे ठरले असते. एकाच छपराखाली नियमाने खाणाऱ्यांना मान मिळाला आणि नाइलाजाने न खाणारीला मात्र आग्रह सोसावा लागला. ह्या विसंगतीचा विचार आपण शांतपणे केला पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आजार आणि त्याचा शोध

ह्या मुलीला सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गहू आणि जव ह्या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली बराच वेळ धुतला तर पिष्टमय भाग वाहून जातो आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो; तेच हे ग्लुटेन. पोळी लवते आणि फुलका फुगतो तो त्याच्यामुळे. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाचे शरीर मात्र ह्या प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढता लढता स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर घाव घालते. अन्नरस शोषून घेणारे तेथील सूक्ष्म अंकुर झडून सपाट होतात. मग पोटभर जेवूनही अन्न अंगी लागत नाही. पोट फुगते, जुलाब होतात, रक्त कमी होते, उंची खुंटते. काही रुग्णांत तर पोटाची कोणतीच तक्रार नसते. केवळ वर्षानुवर्षे न हटणारा रक्तक्षय असतो. आमच्या मुलीची दोन वर्षे जंतांच्या औषधात आणि लोहाच्या टॉनिकात गेली. "मुलगी जेवत नाही, आई लक्ष देत नाही," असा शेराही तिच्या आईला ऐकावा लागला.

ह्या आजाराचे वर्णन लंडनच्या सॅम्युएल गी ह्या वैद्याने १८८८ मध्ये नेमकेपणाने केले होते आणि उपाय असलाच तर तो आहारात असेल, असेही म्हटले होते. परंतु दोष कोणत्या अन्नात आहे हे कळण्यास आणखी अर्धशतक जावे लागले. विलेम डिके ह्या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाविषयी शंका दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासूनच होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली आणि पाव दिसेनासा झाला. सारा देश खंगत असताना ह्या आजाराची मुले मात्र सुधारू लागली. आणि पाव परत येताच ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी पुढे पद्धतशीर प्रयोग करून १९५० मध्ये आपला प्रबंध सादर केला आणि गव्हावरचा आरोप सिद्ध झाला. ज्या अन्नाला माणूस जीवनाचा आधार मानतो तेच काही मुलांचे जीवन पोखरीत होते, हे एका दुष्काळाने जगाला दाखवून दिले.

हा परदेशी लोकांचा आजार आहे, असा समज आपल्याकडे पुष्कळ वर्षे होता. तो आता टिकणारा नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारताच्या तीन विभागांतील तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. उत्तरेत शंभरात १.२३, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० असे रुग्णांचे प्रमाण आढळले. जेथे गहू अधिक तेथे आजार अधिक, असा त्याचा ढोबळ अर्थ. ह्या तीन विभागांत महाराष्ट्र नव्हता. परंतु गव्हाची उत्तर आणि तांदळाची दक्षिण यांच्या मध्ये असलेल्या, आणि दिवसेंदिवस पोळीकडे झुकत चाललेल्या ह्या राज्याने निश्चिंत राहावे, असे त्या आकड्यांत काही नाही.

"चिमूटभराने काय होतंय?"

आजींच्या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने दिलेले आहे. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेले तरी काही महिन्यांत रुग्णाच्या आतड्याला इजा होते, असे प्रयोगांती दिसून आले आहे. एका मध्यम आकाराच्या पोळीत सुमारे अडीच ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे पोळीचे पन्नास तुकडे केले तर त्यांतला एक तुकडाही रोजच्या रोज घातक. ह्या आजाराला आजमितीस औषध नाही. आयुष्यभराचे पथ्य हेच औषध. ते कसोशीने पाळले तर आतडे भरून येते, मूल वाढू लागते आणि इतर चारचौघांसारखे जगते.

पथ्य म्हणजे पोळी सोडणे, इतके ते सोपे असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. गहू आपल्या घरात किती वाटांनी शिरतो, ह्याची कल्पना त्याच्यावर पाळत ठेवू लागल्यावाचून येत नाही. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किटे ही उघड नावे झाली. उन्हाळ्यात गच्चीवर वाळणाऱ्या कुरडया गव्हाच्या चिकाच्या असतात. बाजारातील डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. म्हणजे साधे फोडणीचे वरणही निर्धोक नाही. मुलांना शक्तीसाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या माल्टच्या पेयांत जव असतो. ज्या कढईत मैद्याच्या करंज्या तळल्या त्याच तेलातले पोह्यांचे पापड चालत नाहीत. नाशिकची मिसळ म्हणजे पावावाचूनची उसळ असे समजून कोणी खाईल, तर वरच्या फरसाणात काय आहे हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

आणि सर्वांत मोठी अडचण पिठाच्या गिरणीत. ज्वारी स्वतः निर्दोष. पण गव्हामागून दळलेल्या ज्वारीत गहू उतरतोच. आमच्या भागातील एका गिरणीवाल्यापुढे आम्ही ही अडचण मांडली, तेव्हा त्याने दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. तो म्हणाला, "एकादशीच्या आदल्या दिवशी मी गिरणी उघडून, झाडून स्वच्छ करतो आणि भगर, राजगिरा, शिंगाडा दळतो. त्याच्या मागोमाग तुमची ज्वारी-बाजरी टाकत जा." डॉक्टरांच्या मते अशा घरी स्वतःची घरघंटी असणे उत्तम, आणि ते बरोबरही आहे. पण ज्याला ती परवडत नाही त्याच्यासाठी ह्या साध्या माणसाने मार्ग काढून दिला. ज्या दक्षतेची ह्या आजाराला गरज आहे ती आपल्या समाजाला नवी नाही. उपवासाच्या दळणाला ती शतकानुशतके मिळत आलेली आहे. मिळत नाही ती फक्त आजाऱ्याला.

भाकरीचा विसर

महाराष्ट्राच्या बाबतीत तर ह्या प्रश्नाला एक वेगळी बाजू आहे. ज्वारी, बाजरी, नागली, वरई आणि तांदूळ हे आपले पूर्वापार अन्न. आणि ह्यांपैकी एकाही धान्यात ग्लुटेन नाही. भाकरी थापावी लागते आणि पिठाची विरी गेली की ती तुटते, त्याचे कारणही हेच. आपल्याच जिल्ह्यात पाहा. पूर्वेकडील येवला, नांदगाव, मालेगाव ह्या कोरड्या तालुक्यांत बाजरी आणि पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी ह्या डोंगराळ तालुक्यांत नागली, भात आणि वरई. सणावारी पुरणपोळी झाली तर गहू घरात येई. १९५० नंतरच्या काळात अमेरिकेहून पी. एल. ४८० खाली आलेला गहू, पुढे हरितक्रांतीने पिकविलेला गहू आणि रेशनच्या दुकानाने घरोघर पोचविलेला गहू ह्यांनी हे चित्र पालटले. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलोची भाकरी खावी लागली, तिची आठवण अनेकांच्या मनात कडवट राहिली. पोळी ही सुस्थितीची आणि भाकरी ही गरिबीची खूण होऊन बसली. आज एखाद्या मुलाने डब्यात भाकरी आणली तर "गावाकडून आलास का?" असे त्याला विचारले जाते.

म्हणून ज्याला गहू वर्ज्य आहे त्याने महागड्या परदेशी पाकिटांच्या मागे धावण्याची आवश्यकता नाही. त्याचे अन्न त्याच्या आजीच्या चुलीवर होतेच. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा मंत्र्यांपासून शाळांपर्यंत सर्वांनी नागलीचे गोडवे गायिले. वर्ष सरले, भाषणेही सरली. गावजेवणातली भाकरी मात्र परत आली नाही.

दाणे, दूध आणि तीळ

प्रश्न गव्हापुरता मर्यादित नाही. जे उपवासाचे अन्न आमच्या मुलीला सर्वांत सुरक्षित तेच दाण्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्या मुलाला सर्वांत धोक्याचे. कारण दाण्याचे कूट नाही असा उपवासाचा पदार्थ विरळा. अ‍ॅलर्जी आणि सिलिअ‍ॅक ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. सिलिअ‍ॅकचा घाव हळूहळू पडतो; तीव्र अ‍ॅलर्जी काही मिनिटांत प्राणावर बेतू शकते. अंगावर गांधी उठतात, ओठ आणि घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी मांडीच्या स्नायूत तातडीने दिलेले अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन जीव वाचविते. आल्याचा रस किंवा लिंबूपाणी नव्हे. दूध न पचणे ही तिसरी गोष्ट. जगातील बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात दुधातील साखर पचविणारे द्रव्य वयाबरोबर कमी होते. ह्यात प्राणाचे भय नाही, पण पोटाचे हाल आहेत.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. माझे आयुष्य वर्गात शिकविण्यात गेले. मधल्या सुट्टीत डबे एकमेकांत वाटून खावेत, पानात काही टाकू नये, असा माझा आग्रह असे. त्यात समतेचा संस्कार आहे असे मी मानीत होतो आणि आजही मानतो. एका मुलाला दूध पिण्याची सक्ती मी वर्षभर केली. तो पोट धरून बसे आणि मी त्याला नाटकी म्हणत असे. त्याचे नाव आणि चेहरा दोन्ही मला आठवतात. माझा हेतू चांगला होता, ह्याने त्याच्या पोटातली कळ कमी झाली नसणार.

२०१६ मध्ये इंग्लंडमधील एका पंधरा वर्षांच्या मुलीचा विमानप्रवासात प्रकृती कोसळून पुढे मृत्यू झाला. तिने विमानतळावर घेतलेल्या पावाच्या पिठातच तीळ होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांनी दिलेल्या लढ्यातून २०२१ मध्ये तेथे तिच्याच नावाने ओळखला जाणारा 'नताशाचा कायदा' अंमलात आला. आपल्याकडेही २०२० च्या नियमांनुसार बंद वेष्टनातील पदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, दाणे, सोयाबीन आदींचा उल्लेख बंधनकारक झाला आहे. किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असलेल्या पदार्थावर 'ग्लुटेनमुक्त' असे लिहिता येत नाही. मात्र त्या यादीत तीळ नाहीत; आणि आपण तर संक्रांतीला तिळगुळासाठी हात पुढे न करणाऱ्यावर रुसणारी माणसे! उपाहारगृहांपैकी ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या शाखा दहा वा अधिक ठिकाणी आहेत, त्यांनाच अशी माहिती देण्याचे बंधन आहे. बिटको चौकातील वडापावची गाडी, लग्नाचे मंगल कार्यालय आणि वसतिगृहाची खानावळ ह्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. आणि सामान्य माणूस जेवतो तो तेथेच.

चोचले की गरज?

ह्यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. हे सुखवस्तू लोकांचे चोचले आहेत, असे म्हटले जाते. ह्या आक्षेपात थोडे तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. वजन उतरविण्यासाठी वा कोणी सांगितले म्हणून गहू सोडणारी मंडळी वाढली आहेत. आज सोडतात, उद्या लग्नात पुरी खातात. त्यांच्यामुळे खऱ्या रुग्णाचे "मला चालत नाही" हे शब्द हलके होतात. म्हणूनच तपासणीचा आग्रह धरला पाहिजे. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी आणि आवश्यक तेथे दुर्बिणीने आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून केलेली तपासणी, ह्यांतून निदान होते. त्याआधी स्वतःच्या मनाने गहू बंद करू नये. केल्यास तपासणीच फसते. निदान झालेल्या रुग्णाच्या भावंडांनीही तपासून घ्यावे, कारण हा आजार कुटुंबात उतरतो.

परंतु चोचले म्हणणाऱ्यांनी रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचा विचार करावा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. त्यात गहू असतो. ज्या घरातील मुलाला गहू विषासमान त्या घरास हा गहू मिळून न मिळाल्यासारखा. श्रीमंत रुग्ण दुकान बदलतो. गरिबाचे मूल तोच गहू खाते आणि 'अंगी न लागणाऱ्या' मुलांत मोडले जाते. मूळ कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असे तीन दर होते. म्हणजे ज्वारी-बाजरी देण्याची तरतूद कायद्याच्या कल्पनेबाहेरची नाही. वैद्यकीय दाखला दाखविणाऱ्या कुटुंबाला गव्हाऐवजी तांदूळ अथवा ज्वारी मिळावी, एवढीच मागणी आहे. इटलीसारख्या पास्ता आणि पाव ह्यांवर जगणाऱ्या देशाने २००५ मध्ये कायदा करून शाळा आणि सरकारी कार्यालये ह्यांच्या भोजनगृहांत मागणीप्रमाणे ग्लुटेनविरहित जेवण देण्याची व्यवस्था केली. भाकरीच्या महाराष्ट्राला हे अवघड का वाटावे?

इतर मागण्याही साध्या आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशकात आहे. त्याने पुढाकार घेऊन राज्यातील ह्या आजाराचे प्रमाण मोजावे. शाळेत प्रवेशाच्या अर्जावर मुलाला कोणते अन्न चालत नाही ह्याची एक ओळ असावी आणि ती वर्गशिक्षकाने वाचावी. मंगल कार्यालयांनी भाताचे पातेले आणि झारा पोळ्यांच्या टेबलापासून दूर ठेवावा. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकरोड स्थानकावर लाखो यात्रेकरू उतरतील. त्यांत ज्या पंजाब-हरियाणाकडे ह्या आजाराचे प्रमाण अधिक तेथलेही असंख्य असतील. अन्नछत्रांत उपवासाची पंगत वेगळी बसतेच. तिच्या शेजारी पथ्याचीही एक पंगत बसावी. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईस जाणाऱ्या पासधारकांनी डबा पुढे करताना सोबत्याचा नकार एकदाच ऐकावा आणि कारण विचारून त्याला संकोचात टाकू नये.

उपवास करणारा आपल्या इच्छेने काही काळ अन्न सोडतो आणि त्याचे त्याला पुण्य मिळते, अशी आपली श्रद्धा आहे. पथ्य करणाऱ्याने काही निवडलेले नसते. त्याचा उपवास सुटण्याची तिथी कोणत्याही पंचांगात नाही. त्याला पुण्य नको; त्याच्या नकाराला नकार म्हणून मान मिळाला तरी पुरे. आणि प्रसादाच्या ताटात शिऱ्याशेजारी चार केळी ठेवण्यास कोणतेही शास्त्र आड येत नाही.